स्लॅबचा पाचवा दिवस

मला अजून चाळिशी लागलेली नाही. आठवणी लिहायचं हे वय नव्हे, हे मला कळतं. पण आजवर मी शेकड्यांनी पत्रकं लिहिली, त्यातलं एकही त्या उन्हाळ्यावर नाही. ते का नाही, हे एकदा कुठंतरी लिहून टाकलं पाहिजे. पत्रकाला मागण्या लागतात, शेवटी तीन उद्गारचिन्हं लागतात, आणि ज्याला उत्तर नाही असं काही त्यात चालत नाही. त्या उन्हाळ्यात, कुंभारीच्या रस्त्याला बांधत असलेल्या एका अंगणवाडीच्या स्लॅबवर माझ्या आईचा जीव पणाला लागला. तो पणाला लावणाऱ्यांत ठेकेदार होता, मुकादम होता आणि मीही होते. पहिल्या दोघांबद्दल मी खूप बोलले आहे. तिसरीबद्दल आता बोलते.

घरात आम्ही दोघीच. वडील मी सातवीत असताना गेले. त्यानंतर आई बांधकामांवर पाणी मारायचं काम करायची आणि जिथं काम तिथं आमचं घर. अंगणवाडीच्या कामावर सिमेंट ठेवायची पत्र्याची खोली होती. अर्ध्या खोलीत फळ्यांवर रचलेल्या गोण्या, अर्ध्या खोलीत आम्ही, मधे जुन्या साडीचा पडदा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चूल. सिमेंटची धूळ पिठात जायची, केसांत जायची, ज्वारीची भाकरी चावताना दाताखाली कचकच व्हायची. शेंगाचटणीला आई मुद्दाम तिखट जास्त घालायची, म्हणायची, "तिखटात कचकच कळत न्हाय." सकाळी दहाच्या सुमारास पत्रा तापून टण्ण टण्ण वाजायला लागायचा, जणू वर कुणी खडे टाकतंय. लहान असताना मला वाटायचं, कुणीतरी खरंच टाकतंय. सतरा वर्षांची झाले तरी पहिल्या आवाजाला मी वर बघायचेच.

लोक म्हणतात, स्लॅब वाळला. इतकी वर्षं इमारतीत राहूनही लोकांना हे माहीत नसतं, याचा मला राग येतो. स्लॅब वाळत नसतो, पाणी पीत पीत घट्ट होतो. पहिला आठवडा तो पाण्यावाचून राहिला की तडकतो, मग वरून कितीही रंग द्या. आणि सोलापूरच्या मे महिन्यात वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा येतो, ओल्या काँक्रीटच्या अंगावरून गेला की तासाभरात केसाएवढ्या भेगा धावतात. त्या भेगा न पडू देणं हे ज्या बाईचं काम, तिला साइटवर नाव नसतं. ती पाणी मारणारी बाई. इंजिनिअर, मिस्त्री, सेंट्रिंगवाला सगळे स्लॅब टाकून जेवून निघून जातात. मागं ती आणि स्लॅब उरतात.

आमचा स्लॅब पहाटे सुरू होऊन नऊच्या आत संपायचा होता. मिक्सर बिघडला आणि शेवटचं घमेलं पडलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. आई कडेला उकिडवी बसून काँक्रीटची चकाकी बघत होती. वरचं पाणी चमकतंय तोवर हात लावायचा नाही, चमक गेली की एक क्षण थांबायचं नाही. दुसरीकडं गोणपाट अंथरतात. आमच्याकडं टॉवेलच्या कारखान्यांतला डागी माल मिळायचा, तिरकी वीण, तेलाचे डाग, पण पांढरा आणि पाणी धरून ठेवणारा. ते लांबरुंद टॉवेल भिजवून आम्ही ओळीनं अंथरले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांवर चार विटा. दुसऱ्या दिवशी सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे केले आणि टॉवेलांवरूनच पाणी भरलं. शिडीवरून डोकं वर काढलं की अंगावर काटा यायचा. ओळीनं झाकून ठेवलेली माणसं. वारा आत शिरला की एखाद्याची छाती हलल्यासारखी व्हायची.

हे मी एकटीच म्हणत नव्हते. यल्लव्वा पहिल्याच दिवशी म्हणाली. यल्लव्वा अक्कलकोटकडची, आईहून वयानं मोठी, ड्रमातलं पाणी वर द्यायला आमच्या जोडीला होती. घरी कानडी, आमच्याशी मराठी, आणि देवांशी दोन्ही. तिनं स्लॅबच्या उशाला आमचाच विळा ठेवला आणि कडुलिंबाचा डहाळा.

"हे काय गं?" आई म्हणाली.

"स्लॅब म्हंजी ओली बाळंतीण असतीया कमळक्का. तिला वारं लागू द्यायचं न्हाय, ऊन लागू द्यायचं न्हाय, एकटी सोडायची न्हाय. आन पाचव्या दिशी सटवाई येती."

"कशाला?"

"ल्ह्यायला. पोराच्या कपाळावर ल्हिती तसं. भेगा म्हंजी काय, तिचं अक्षर हाय की."

"मग तिला म्हणावं वही घेऊन ये," आई म्हणाली, "माझ्या स्लॅबवर रेघोट्या मारू नको."

मी तर यल्लव्वाला सोडलंच नाही. तेव्हा मी नुकतीच शहरातल्या एका युवक गटात जायला लागले होते आणि अंधश्रद्धेवर पाठ केलेलं एक भाषण माझ्याकडं तयारच होतं. ते मी पुरं ऐकवलं. यल्लव्वानं तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई चांगलं बोलतीस बाळ. पन पाचव्या दिशी मी वर चडायची न्हाय." आणि विळा तिथंच ठेवला. आईनंही तो काढला नाही. कांदे चिरायचा विळा वर राहिला आणि पाच दिवस आम्ही कांदा बुक्कीनं फोडून खाल्ला.

स्लॅबच्या खाली दुसरंच जग होतं. बल्ल्यांचं जंगल. शंभरेक लाकडी टेकू इतके दाट की आडवं होऊनच आत जावं लागे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत गारवा, काळोख आणि सिमेंटचा ओला वास. पंख्याच्या हुकासाठी ठेवलेल्या भोकातून वरचं पाणी ठिबकायचं. खाली आईनं घमेलं ठेवलं होतं. टप. मग आकडे मोजावेत इतकी शांतता. टप. आईला घड्याळ लागत नव्हतं. खोलीत भाकरी थापताना तिचा एक कान त्या थेंबाकडं असे. थेंबांतलं अंतर वाढलं की हात धुऊन उठायची, "पिऊन झालं त्याचं." मी अभ्यासाला त्या जंगलात बसायचे, आणि खरं सांगते, कधीकधी थेंब पडायच्या आधी कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटायचं. लाकडं पाण्यानं फुगतात, त्याचा आवाज. मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी पाठ बाहेरच्या उजेडाकडं करून कधी बसले नाही.

आता मुख्य गोष्ट. आदल्या उन्हाळ्यात आई एका साइटवर चक्कर येऊन पडली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, दुपारचं ऊन बंद, पुन्हा असं झालं तर बाई हाती लागणार नाही. म्हणून आमच्या पाळ्या ठरल्या होत्या. सकाळ-संध्याकाळ आई, बारा ते चार मी. चार दिवस मी पाळी केली. पाचव्या दिवशी आमच्या गटाचं पत्रक वाटायचं होतं, मजूर उभे राहतात त्या नाक्यावर. ते पत्रक लिहिण्यात माझाही हात होता. त्याचा मथळा असा होता: 'दुपारी बारा ते चार, उन्हातलं काम बंद करा!'

होय. हेच पत्रक. वाचणाऱ्यानं हसावं, माझी हरकत नाही.

"जा की," आई म्हणाली. "मी करते तुझी पाळी."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"डॉक्टर येनार हाय व्हय पाणी मारायला? डोक्यावर ओला टॉवेल घेते. तू बाराला जाऊन दोनला ये."

"अकराला टँकर येईल ना?"

"बसण्णा म्हणालाय, येतोय." बसण्णा आमचा मुकादम. त्याचं 'येतोय' म्हणजे काय, हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं. ड्रम तळाला गेला होता, आमच्याकडं पिण्याच्या दोन घागरी होत्या, आणि शेजारच्या वसाहतीच्या नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. हे सगळं मला माहीत होतं. मी निळा पंजाबी ड्रेस घातला आणि गेले. नाक्यावर मी पुष्कळ बोलले, घसा बसेपर्यंत. लोकांनी पत्रकं घेतली, घड्या घालून टोपीत ठेवली, ऊन लागू नये म्हणून.

परत आले तेव्हा तीन वाजत आले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुत्री गटाराच्या पाइपात शिरली होती. साइटवर पाय ठेवला आणि मी थांबले, कारण नेहमी टण्ण टण्ण वाजणारा पत्रासुद्धा गप्प होता. "आई," मी हाक मारली. खोलीचं दार उघडं होतं. चूल विझलेली, परातीत मळलेलं पीठ, त्यावर वाळून आलेली पापडी. दोन्ही घागरी जागेवर नव्हत्या. ड्रममधे हात घातला तर तळाशी कोरडी वाळू. टँकर आलेला नव्हता. म्हणजे साइटवर पाण्याचा थेंब नव्हता.

आणि बल्ल्यांच्या जंगलातून आवाज आला. टप.

मी तिथंच उभी राहिले. टप. टप. आईच्या कानानं ऐकलं तर आत्ता, थोड्याच वेळापूर्वी कुणीतरी पाणी घातलंय. आडवी होऊन आत वाकून बघितलं. घमेलं काठोकाठ भरलं होतं आणि प्रत्येक थेंबाला त्याची कड ओलांडत होतं. "आई, वर आहेस का?" शिडीचे दांडे इतके तापले होते की ओढणी हाताला गुंडाळून चढावं लागलं.

स्लॅबवर कुणी नव्हतं. पांढऱ्या ओळी नेहमीसारख्या, चारी कोपऱ्यांना विटा. बहुतेक टॉवेल वाळून कडक झाले होते, कडा वर वळल्या होत्या, आणि जिथं कड वळली होती तिथं खाली बारीक बारीक रेघा दिसत होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या. मी वाचण्याचा प्रयत्न केला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. युवक गटाची कार्यकर्ती, झोळीत उरलेली पत्रकं, आणि मी वाकून त्या भेगांत अक्षर शोधत होते. मग मान वर केली. विळ्याच्या बाजूच्या टोकाला एक टॉवेल ओला होता. बाकीच्यांसारखाच नीट अंथरलेला, चार कोपऱ्यांवर चार विटा. फक्त तो सपाट नव्हता.

त्याच्याशेजारी दोन रिकाम्या घागरी पालथ्या ठेवल्या होत्या.

मी टॉवेल ओढला. आई उताणी होती, डोळे अर्धे उघडे, हात छातीवर जोडून ठेवलेले. कुणीतरी ठेवलेले. अंग भट्टीसारखं, घामाचा टिपूस नाही. मी बोंबलले. कुणाच्या नावानं, आठवत नाही. तिच्या ओठांतून आवाज आला, शब्द नव्हे, पण आवाज. तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि बसण्णाची मोटारसायकल. चार तास उशिरा आलेला तो टँकर. बसण्णा वर आला, आईकडं बघितलं, मग टॉवेलांकडं, आणि पाइप ओढत आलेल्या क्लीनरला म्हणाला, "आदी स्लॅबवर मार, तडकायलाय बग सगळा!" हे वाक्य मी त्यानंतर किती सभांत सांगितलंय. त्या वेळी मी क्लीनरच्या हातातला पाइप हिसकावला आणि सगळं पाणी आईवर सोडलं. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा काढून त्यानं वारा घालत राहिले. टँकरच्या केबिनमधे तिला मांडीवर घेऊन सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत क्लीनर दाराच्या पायरीवर उभा राहून, खिडकीतून हात आत घालून तिच्या पायांवर बाटलीनं पाणी ओतत होता. तो बसण्णाचा माणूस होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "ओल्या कपड्यात झाकून सावली केलीत, म्हणून वाचल्या. कुणी केलं हे?" मी म्हणाले, ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी आई नीट बोलायला लागली आणि तिचा पहिला प्रश्न हा, "ती कुटं गेली?"

"कोण ती?"

"आली होती की. माझ्या तोंडाला पाणी लावलं. मग तोंडावर पांढरं घातलं. मला म्हणायचं होतं, घालू नको, दिसत न्हाय. पण जीभ हालंना." मग म्हणाली, "विटा ठेवताना रडत होती गं."

स्वतःला झाकून घेऊन स्वतःच्या चार कोपऱ्यांवर विटा कुणी ठेवू शकत नाही. मी खूप विचार केला. साइटवर जाऊन आले. बसण्णानं भेगांवर कोरडं सिमेंट टाकून झाडूनं फिरवलं होतं, दाढीवर पावडर लावावी तसं. शेजारच्या वसाहतीत विचारलं, कुणी काही बघितलं नव्हतं, अशा उन्हात कोण दार उघडतं? यल्लव्वा त्या दिवशी आलीच नव्हती, असं सगळे म्हणाले. त्यानंतरही आली नव्हती. घमेलं मी पालथं केलं, पाणी मातीत दिसेनासं झालं, आणि मी बल्ल्यांत उभी राहिले ती बराच वेळ, कारण वरून थेंब थांबला होता आणि तरीही मला दर थोड्या वेळानं ऐकू येत होता.

आईला घरी आणलं. घर म्हणजे तीच खोली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात बसून शेंगा फोडत होती, मी चूल पेटवत होते. बाहेर टोपली पडल्याचा आवाज आला. यल्लव्वा उभी होती, डोक्यावरचा पदर तोंडात कोंबलेला. पायाशी फडक्यात बांधलेली टोपली कलंडली होती. ती आईकडं बघत होती आणि आई तिच्याकडं.

"ये की," आई म्हणाली. "उनात का उबी?"

यल्लव्वा पुढं आली नाही. मागंही गेली नाही. कानडीत काहीतरी पुटपुटली, मग हात लांब करून एका बोटानं आईच्या गुडघ्याला शिवली आणि मटकन खाली बसली.

"म्या तुला मेली समजले कमळक्का."

मग सगळं आलं, तुटक तुटक. ती येणार नव्हती. पण मी नाक्यावर जाणार हे तिच्या कानावर होतं, आईला एकटीला ऊन लागेल म्हणून दुपारी आलीच, विळ्यापर्यंत चढली, आणि तिथं आई पडलेली. "हात लावला तर तव्यावानी. मेलेलं मानूस गार लागतं खरं, पन उनात पडलेलं कुटलं गार?" तिला वाटलं, सटवाईनं लिहायचं ते लिहिलं. तोंडाला पाणी लावलं, मेलेल्याला लावतात तसं. हात जोडले. तोंड झाकलं. आणि खाली आमच्या खोलीतून दोन्ही घागरी एकेक करून वर आणल्या आणि आईभोवतीच्या वाफ्यात ओतल्या.

"घागरी कशाला ओतल्यास?" मी विचारलं.

"मेलेल्या बाईचं काम अर्दं ऱ्हाऊ न्हाय."

"मग ओरडली का नाहीस? कुणाला बोलवायचं होतंस!" माझा आवाज चढला होता. सभेतला आवाज.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मागल्या साइटीवर गडी पडला. पैली बोंबलली त्या बाईला दोन दिस चौकीत बसवली. कसं पडला, कुनी ढकलला. तिचं लेकरू अंगावर पीत होतं." मग पदरानं तोंड पुसून, "तू असतीस तर तुला सांगितलं असतं. तू नव्हतीस."

बास. एवढंच ती म्हणाली, टोमणा म्हणूनही नाही. मी चुलीत फुंकर घालत राहिले, धूर डोळ्यांत जात होता हे चांगलंच झालं.

आई टोपलीकडं बघत होती. "काय आणलंयस?"

यल्लव्वानं टोपली पदराखाली ओढली. "काय न्हाय."

"दाव की."

"नगं कमळक्का. ते तुज्या घरात द्यायला आनलं होतं. पोर एकटी, चूल पेटली नसंल..." मयताच्या घरी शेजारपाजारचे नेतात तो कडू घास होता. तिचा गाव लांब, दोन गाड्या बदलून ती आली होती. आईनं टोपली ओढून घेतली आणि फडकं सोडलं. चार भाकऱ्या, डब्यात बिनफोडणीचं पिठलं. यल्लव्वानं तिचा हात धरला, "खाऊ नगं, अवदसा येती, जित्या मानसानं सोताचं हे खायाचं नसतंय!" आणि माझ्याकडं आशेनं बघितलं. अंधश्रद्धेवरचं भाषण माझ्याकडं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मला आठवलं नाही. मीही म्हणाले, "आई, नको."

आईनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली. सावकाश चावली.

"यल्ले," ती म्हणाली, "मेलेल्या बाईला इतकं अळणी देतेस व्हय गं?"

यल्लव्वा हसायला गेली आणि तिच्या तोंडून भलताच आवाज निघाला. आईनं दुसरा घास केला आणि तिच्यापुढं धरला. तिनं डोळे मिटून घेतला. तिसरा माझ्यापुढं. पिठलं तिच्या बोटांवरून मनगटाकडं ओघळत होतं. मी नाक्यावर किती लोकांना पत्रकं वाटली, ते तिनं मला एकदाही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

"धर लवकर," ती म्हणाली, "हात दुखतोय."

मी तोंड उघडलं.